नवीन गृहसंकुलांतील हरित क्षेत्र व बालक्रीडांगणे : नियम, नियोजन आणि वास्तव

प्रस्तावना :
शहरांच्या वाढीबरोबर वाडे, चाळी आणि त्यांच्या समोरील अंगणे मागे पडली व त्यांची जागा बहुमजली गृहसंकुलांनी घेतली. अंगण कोणत्याही नियमाने दिलेले नव्हते. ते घराचाच एक भाग होते. गृहसंकुलात मात्र मुलांच्या खेळाची जागा नकाशावर आखावी लागते, मंजूर करून घ्यावी लागते आणि पुढे राखावीही लागते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम ३१ ने खेळ व विश्रांती हा बालकाचा हक्क मानला असून भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. या हक्काला प्रत्यक्ष जमिनीवर कितपत स्थान मिळते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या संदर्भात केले आहे.

टक्केवारी व माणशी जागा :
राज्याच्या बहुतांश भागास लागू असलेल्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या अभिन्यासात १० टक्के क्षेत्र मनोरंजनासाठी खुले ठेवावे लागते व ते शक्यतो एकत्रित असावे, अशी अपेक्षा आहे. बृहन्मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीत हेच प्रमाण भूखंडाच्या आकारमानानुसार १५, २० व २५ टक्के असे चढते होते.

येथे एक मूलभूत उणीव लक्षात घ्यावी लागते. ही टक्केवारी जमिनीशी निगडित आहे, रहिवाशांच्या संख्येशी नाही. एक हेक्टरच्या अभिन्यासात १,००० चौ.मी. जागा खुली राहते. तेथे २०० सदनिका व प्रत्येकीत पाच माणसे मानल्यास माणशी एक चौ.मी. जागा येते. वाढीव चटई क्षेत्र निर्देशांकामुळे सदनिका ४०० झाल्यास ती अर्ध्यावर येते. नियमाचा भंग मात्र कोठेच झालेला नसतो. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नागरी नियोजनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत शहरासाठी माणशी १० ते १२ चौ.मी. खुली जागा सुचविली आहे. ही तुलना संकुल व संपूर्ण शहर यांच्यातील असली, तरी परिसरात सार्वजनिक उद्यान नसेल तेथे मुलांच्या वाट्याला संकुलातील जागाच उरते.

जमीन की पोडियम :
वाहनतळावरील पोडियमच्या छतावर बगीचा करून नियमाची पूर्ती दाखविण्याची पद्धत मुंबईत रूढ झाली होती. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, नियमाने आवश्यक असलेले किमान मनोरंजन क्षेत्र जमिनीवरच असले पाहिजे. पोडियमवरील जागा त्याव्यतिरिक्त असू शकते, असा निर्णय दिला. तथापि मुंबईच्या २०१८ च्या नव्या नियमावलीने काही भाग पोडियमवर ठेवण्यास अटींसह मुभा दिली. हा केवळ तांत्रिक वाद नव्हे. पोडियमवरील मातीच्या मर्यादित थरात हिरवळ व झुडपे वाढतात. वड, कडुनिंब वा करंज यांसारखा मोठा वृक्ष तेथे वाढू शकत नाही. पावसाचे पाणीही भूगर्भात मुरत नाही.

आराखड्यातील विचार :
इमारती, रस्ते व वाहनतळ बसविल्यानंतर उरलेला कोपरा क्रीडांगणास देणे, हा सर्वांत सामान्य दोष होय. वस्तुतः खेळाची जागा प्रथम निश्चित करून इमारतींची मांडणी तिच्याभोवती करणे इष्ट ठरते.

वयोगटांच्या गरजाही भिन्न असतात. इंग्लंडमध्ये प्रचलित मानकांनुसार अगदी लहान मुलांसाठी घरापासून चालत १०० मीटरच्या आत किमान १०० चौ.मी., तर स्वतंत्रपणे खेळू लागलेल्या मुलांसाठी ४०० मीटरच्या आत किमान ४०० चौ.मी. जागा अपेक्षित असते. अंतर हेही मोजमाप मानले जाते, हे यातून शिकण्यासारखे आहे. मध्ये वाहनांचा रस्ता असेल, तर पन्नास मीटरवरील घसरगुंडीही चार वर्षांच्या मुलास दूरच असते.

घसरगुंडी व झोपाळा बसविला म्हणजे क्रीडांगण झाले, हा समजही तपासावा लागतो. लगोरी, लंगडी वा विटीदांडू यांना साधनांपेक्षा मोकळी, सपाट भूमी लागते. एकच मैदान असेल तर ते मोठ्या मुलांच्या क्रिकेटने व्यापले जाते आणि किशोरवयीन मुली हळूहळू खेळातून बाहेर पडतात. म्हणून छोट्या-मोठ्या जागांची विभागणी आवश्यक ठरते. उन्हाळ्यात तापणारे धातूचे पृष्ठभाग, पावसाळ्यात साचणारे पाणी, पालकांसाठी सावली व बैठक, तसेच चाकाच्या खुर्चीला प्रवेश यांचाही विचार हवा. शोभेसाठी सर्रास लावली जाणारी कण्हेर सर्वांगी विषारी असल्याने ती बालक्रीडांगणात टाळावी.

संरक्षण व देखभाल :
२०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने उद्याने व खेळाच्या जागा सामायिक क्षेत्रात अंतर्भूत केल्या असून, दोन-तृतीयांश सदनिकाधारकांच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय मंजूर आराखड्यातील सामायिक क्षेत्रात बदल करता येत नाही. मात्र संकुल टप्प्याटप्प्याने उभे राहते तेव्हा क्रीडांगण अखेरच्या टप्प्यात गेल्यास पहिल्या रहिवाशांची मुले तोवर मोठी झालेली असतात. शिवाय ताबा मिळाल्यानंतर वाहनतळ वाढविण्यासाठी त्याच जागेवर रहिवाशांचीच दृष्टी जाते. कायदा विकासकास रोखू शकतो. संस्थेच्या सभेतील बहुमतापुढे मात्र ज्यांना मत नाही, अशी मुलेच हरतात.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, खुल्या जागेचे प्रमाण सदनिकांच्या संख्येशी जोडणे, ती जमिनीवर व एकत्रित राखणे आणि पहिल्याच टप्प्यात वापरास देणे, या तीन बाबी निर्णायक आहेत. नकाशावरील हिरवा रंग मुलांच्या पायाखालची माती झाला, तरच नियमाचा हेतू सफल होईल.