प्रसूतिकक्षातील ब्रदर

नागपुरात परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या तरुणाला रुग्णालयाच्या बहुतेक विभागांत आपण पुरुष असल्याची आठवण कोणी करून देत नाही. शस्त्रक्रिया विभागात तो जखमेची पट्टी बदलतो, अस्थिरोग विभागात धिप्पाड रुग्णाला कूस पालटून देतो, आणि मेडिकल असो की मेयो, दोन्ही सरकारी रुग्णालयांत खाटेवरचे आजोबा त्याला ‘ब्रदर’ अशी हाक मारून पाणी मागतात, तेव्हा त्या हाकेचे कोणालाच नवल वाटत नाही. परंतु गरोदर स्त्रियांची तपासणी, प्रसूतिकक्ष आणि बाळंतिणींचा कक्ष या ठिकाणी हजेरी लावण्याची पाळी आली, की एका सकाळीत त्याचे स्थान पालटते. ज्या वर्गभगिनींबरोबर त्याने एकाच बाकावर बसून धडे गिरवले, त्या सरळ आत जातात आणि तो उंबरठ्याशी थबकतो. दाराशी बसलेली एखादी सासू विचारते, “हा पोट्टा इथं काय करून रायला?”

या प्रश्नाची अडाणीपणा अशी संभावना करून मोकळे होणे अन्यायाचे होईल. लज्जेपायी स्त्रिया दुखणे अंगावर काढीत आणि वैद्याला हात लावू देण्यापेक्षा मरण पत्करीत, अशा काळात आनंदीबाई जोशी यांनी 1883 साली बंगालमधील श्रीरामपूर येथील व्याख्यानात हिंदू स्त्री-डॉक्टरांची निकड प्रतिपादिली आणि 1886 साली फिलाडेल्फियाहून वैद्यकाची पदवी मिळवली. हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्रियांच्याच हातून वैद्यकीय साह्य मिळावे, या हेतूने 1885 मध्ये डफरिन फंडाची स्थापना झाली. नागपूरच्या डफरिन रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या कमलाताई होस्पेट यांनी, तरुणपणीच वैधव्य आलेले असता आणि हा व्यवसाय कुलीन घरांत हलका मानला जात असता, वेणूताई नेने यांच्या साह्याने 1921 साली मातृ सेवा संघ उभा केला. पुढे 1961 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रसूतीच्या खोलीत स्त्रीभोवती स्त्रियाच असाव्यात, ही व्यवस्था अशा कष्टांतून उभी राहिली आहे, आणि तिच्याविषयी आदर बाळगूनच पुरुष विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे पाहिले पाहिजे.

कायदेकानूंनीही हे दार दीर्घकाळ लोटूनच ठेवले होते. आपल्याकडील परिचर्या-पदविकेत एके काळी पुरुष विद्यार्थ्यांना प्रसूतिपरिचर्येच्या जागी दुसरा विषय घ्यावा लागे. गावपातळीवरच्या आरोग्यसेविकेचा एएनएम अभ्यासक्रम आजही केवळ स्त्रियांसाठी आहे, आणि एम्सच्या परिचर्या-अधिकाऱ्यांच्या भरतीत 80 टक्के जागा स्त्रियांना व 20 टक्के पुरुषांना, अशी वाटणी ठरली. प्रत्यक्ष इंग्लंडात सुईणपणाच्या व्यवसायात पुरुषाला निर्वेध प्रवेशाची मुभा मिळण्यास 1983 साल उजाडावे लागले.

येथे कोणीही विचारील, की पुरुष प्रसूतितज्ज्ञ तर नागपुरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नामांकित पुरुष डॉक्टरकडे नाव नोंदवण्यासाठी कुटुंबे खटपट करतात. मग त्याच खोलीत पुरुष परिचारक का खुपावा? माझ्या मते याचे उत्तर त्या दोघांच्या कामांच्या स्वरूपात आहे. डॉक्टर येतो, तपासतो, हुकूम देतो आणि जातो, आणि त्याच्या अधिकाराचे वलय त्याच्या पुरुषपणावर पडद्यासारखे काम करते. परिचारक मात्र घटकान्‌घटका उशाशी असतो, रक्ताने भिजलेली घडी बदलतो, बेडपॅन देतो, टाके पुसतो, बाळ छातीशी कसे धरावे हे दाखवतो. जे काम आजवर आई, मावशी, सुईण यांनी केले, ते परक्या तरुणाच्या हातून करून घेताना जो संकोच होतो तो स्वाभाविक आहे, आणि त्याचे कारण त्या तरुणाचे शील नसून त्या कामाची जवळीक आहे.

ते काम तरी त्याने शिकावेच का, हे समजण्यासाठी त्यात काय काय येते हे पाहिले पाहिजे. सेमिस्टर पद्धत लागू होण्यापूर्वीच्या पदवी-अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याने, मग तो पुरुष असो वा स्त्री, 30 गरोदर स्त्रियांची तपासणी, 20 स्वाभाविक प्रसूती आणि 20 बाळंतिणींची परिचर्या करून नोंदवहीत शिक्षिकेची स्वाक्षरी घेणे आवश्यक होते. पोटावर तळहात ठेवून बाळाचे डोके कोठे, पाठ कोणत्या कुशीला, हे चार हस्तक्रियांनी ओळखावयाचे. फीटोस्कोप लावून मिनिटाला 110 ते 160 या मर्यादेत राहणारे गर्भाचे ठोके मोजावयाचे. वेणा सुरू झाल्यावर पार्टोग्राफच्या तक्त्यावर गर्भाशयमुख तासागणिक किती उघडले याची रेषा ओढीत जावयाचे, आणि ती रेषा इशारारेषेच्या उजवीकडे सरकू लागली की विलंब न लावता डॉक्टरांना बोलवावयाचे. बाळ बाहेर येताच ते कोरडे करून आईच्या अंगावर ठेवणे, आईला मिनिटाभरात ऑक्सिटोसिनची 10 युनिटे टोचणे, नाळ एक ते तीन मिनिटांनी बांधणे, वार पडल्यावर ती पसरून तिचा एखादा तुकडा आत राहिला तर नाही ना हे पाहणे, आणि गर्भाशय घट्ट आवळले आहे की नाही हे पुनःपुन्हा हाताने चाचपणे, हे सर्व पुस्तकातून पाठ करता येते, पण येत मात्र नाही. मऊ पडलेले गर्भाशय आणि आवळलेले गर्भाशय यांतील भेद बोटांनाच कळतो, आणि तो वेळीच न कळल्यास रक्तस्रावाने स्त्री दगावते.

पदवी हाती आल्यावर हा तरुण कोठे तैनात होईल, हे त्याच्या हाती नसते. 2018 पासून आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांवर जे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले, त्यांत परिचर्येचे पदवीधरही घेतले जातात, आणि त्यांत पुरुषांना मज्जाव नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. अशा मुलखात एखाद्या रात्री आरोग्यसेविका दुसऱ्या गावी अडकली असता वेणा देणारी स्त्री उपकेंद्राच्या दाराशी आली, तर तेथील परिचारकाने आपण हा विषय दाराबाहेर उभे राहून शिकलो, असे तिला सांगावे काय? नागपूरच्या प्रसूतिकक्षात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपासून शिवनी-बालाघाटपर्यंतच्या स्त्रिया येतात. ज्यांच्या लेकीसुनांना उद्या याच्या हातांची गरज पडणार, त्यांच्याच प्रदेशातून त्याच्या शिक्षणाला नकार मिळतो, हा पेच खरा आहे.

तथापि त्या शिक्षणाचे ऋण वेणांनी तळमळणाऱ्या स्त्रीच्या माथी मारता येणार नाही. तिने ‘नको’ म्हटले की तो शब्द अखेरचा. त्यावर तिची मनधरणी करणे, नोंदवहीचा आकडा पुरा व्हावयाचा आहे म्हणून पडद्याआड उभे राहणे, किंवा दवाखाना सरकारी आहे तेव्हा सोसले पाहिजे असे सुचवणे, यांपैकी काहीही क्षम्य नाही. जाणत्या शिक्षिका काय करतात? त्या विद्यार्थ्याला आधी ओळख करून द्यावयास लावतात, स्वतः किंवा दुसरी सिस्टर बाजूला उभी राहते, हात लावण्यापूर्वी काय करणार आहे हे तो सांगतो, आणि लागेल तेवढेच वस्त्र दूर केले जाते. जी स्त्री सकाळी मान फिरवते, तिच्याच कमरेला तो दुपारी वेणांच्या वेळी शेक देतो, तेव्हा तो शेक तिला चालतो; कारण त्या घटकेला तिला हवे असते ते आपल्यापाशी थांबणारे माणूस.

या साऱ्यातून एक गोष्ट मला प्रकर्षाने जाणवते. पुरुष विद्यार्थ्याला परवानगी मागावी लागते. त्याच्या वर्गभगिनी पुष्कळदा मागत नाहीत, आणि मोठ्या डॉक्टरांच्या मागून येणारा विद्यार्थ्यांचा घोळका तर सहसा विचारीतच नाही. म्हणजे जो शिष्टाचार प्रत्येकाने पाळावयाचा, तो केवळ एकट्याच्या वाट्याला आला आहे. सन्मानपूर्वक प्रसूतीसाठी 2017 मध्ये ‘लक्ष्य’ हा उपक्रम केंद्र सरकारने सुरू केला. त्याआधीच, 2016 मध्ये, वेणांच्या वेळी सोबतीला नात्यातील स्त्री असू द्यावी, आणि जेथे आडोशाची तजवीज असेल तेथे पतीलाही मुभा असावी, अशी सूचना निघाली होती. दोन टेबलांमध्ये पडदा नसेल तर पतीला आत येता येत नाही, आणि विद्यार्थ्यालाही सभ्यपणे शिकता येत नाही. पडद्याचा खर्च मात्र क्षुल्लक असतो.

तेव्हा महाविद्यालयांनी मुलांना प्रसूतिकक्षाच्या कारकुनीवर, रजिस्टरे लिहिण्यावर आणि औषधे आणण्यावर बसवून त्यांची नोंदवही भरून घेण्याची पळवाट सोडावी, आणि पडदा, सिस्टरची उपस्थिती व पुरेसा वेळ यांचा बंदोबस्त करावा. वाचकांना विनंती एवढीच, की आपल्या घरची लेक किंवा सून प्रसूतीसाठी दाखल झालेली असता एखाद्या ब्रदरने येऊन अदबीने परवानगी विचारली, तर ‘हो’ किंवा ‘नको’ हे उत्तर तिच्या वतीने सासूने, नवऱ्याने वा आईने देऊ नये. ते तिला स्वतःला देऊ द्यावे.