अकॉर्डियनचा स्वर : जिव्हा, भाता आणि कक्ष

भाषाध्वनींच्या अभ्यासकाने वाद्यांच्या कारागिरीत लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारल्यास नवल नाही. अकॉर्डियनच्या बाबतीत त्याचे उत्तर इतिहासच देतो. मानवी मुखातील स्वर यंत्राद्वारे उमटवून दाखवावेत, असे आवाहन सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने केले होते. क्रिस्टियान क्राट्झेनस्टाइन या शास्त्रज्ञाने निरनिराळ्या आकारांच्या नळ्यांतून आ, ए, ई, ओ, ऊ हे स्वर काढून १७८० साली ते पारितोषिक मिळविले. त्याच्या यंत्रात 'मुक्त जिव्हे'चा उपयोग केलेला होता. पुढे २३ मे १८२९ रोजी व्हिएन्नातील वाद्यकार सिरिल डेमियान यास 'अकॉर्डियन'चे पेटंट मिळाले. एक कळ दाबताच स्वरमेळ, जर्मन भाषेत 'आकोर्ड', निघत असे. त्यावरून हे नाव पडले. चीनमधील प्राचीन शेंग वाद्य आणि आपली बाजाची पेटी ही दोन्ही याच कुळातील होत.

मुक्त जिव्हा म्हणजे एका टोकाशी रिवेटने जखडलेली पोलादाची अरुंद पत्ती. ती धातूच्या पट्टीतील खाचेवर बसविलेली असते आणि हवेच्या दाबाने खाचेतून आत-बाहेर हेलकावते. पेटीत वारा एकाच दिशेने वाहतो. अकॉर्डियनचा भाता मात्र उघडताना आणि मिटताना, दोन्ही वेळी वाजतो. म्हणून प्रत्येक पट्टीवर दोन विरुद्ध बाजूंस दोन जिव्हा बसवितात. जी वाजत नसेल तिच्या खाचेतून वारा गळू नये यासाठी चामड्याची चिंचोळी झडप लावलेली असते. उजव्या हातास ४१ कळा आणि चार स्वरसंच असलेल्या वाद्यात केवळ त्या बाजूस ३२८ जिव्हा भरतात. डाव्या बाजूस १२ स्वरांचे पाच संच असल्यास आणखी १२० लागतात. एकूण ४४८ जिव्हा एकमेकींशी जुळवून घ्यावयाच्या, हे काम किती चिकाटीचे असेल याची कल्पना यावरून यावी.

इटलीतील आंकोना प्रांतातले कास्टेलफिदार्दो हे गाव या कारागिरीचे प्रमुख केंद्र मानले जाते. पाओलो सोप्रानी याने १८६३ साली तेथे हा उद्योग सुरू केला. तेथील कारागीर या जिव्हांना 'व्होची', म्हणजे 'आवाज', असे म्हणतात. आपल्याकडील पेटीचे कारागीर त्यांना 'सूर' म्हणतात. दोन परस्परांशी अपरिचित परंपरांनी भागाला त्याच्या कार्याचेच नाव द्यावे, ही गोष्ट अर्थविचाराच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

उत्तम जिव्हेची पहिली कसोटी म्हणजे पत्ती आणि खाच यांतील अंतर. ते मिलिमीटरच्या काही शतांशांइतके असावे लागते. अंतर जास्त झाल्यास वारा वाया जातो आणि हळुवार दाबाने स्वर उमटतच नाही. पत्ती कडेस घासल्यास स्वर खरखरतो. सूर जुळविताना पत्तीच्या मोकळ्या टोकाशी किंचित खरवडल्यास भार घटून स्वर चढतो. मुळाशी खरवडल्यास ताठरपणा घटून स्वर उतरतो. खरवडलेले पोलाद पुन्हा जोडता येत नाही. म्हणून या कामात घाई खपत नाही. तयार पट्ट्या मेण आणि राळ यांच्या मिश्रणाने लाकडी ठोकळ्यांवर बसवितात.

एकाच स्वराच्या दोन जिव्हा किंचित भिन्न ठेवल्यास स्पंदने ऐकू येतात. एक जिव्हा सेकंदास ४४० वेळा आणि दुसरी ४४२ वेळा कंप पावत असेल, तर नाद सेकंदातून दोनदा फुगतो व ओसरतो. हेच त्या वाद्याचे परिचित थरथरणे होय. ही स्पंदने खालपासून वरपर्यंत सुसंगत ठेवण्यात जुळविणाऱ्याच्या कानाची परीक्षा असते.

उच्च प्रतीच्या वाद्यांत काही स्वरसंच 'कासोत्तो' नावाच्या लाकडी कक्षात बसवितात. तेथून बाहेर पडताना नादातील उच्च उपस्वर क्षीण होतात आणि स्वर गोल, घुमटदार होतो. कंठातील स्वरतंतू नादाची उंची ठरवितात आणि मुखविवर त्यास 'आ' किंवा 'ऊ' असा रंग देते. येथेही जिव्हा आणि कक्ष यांत तशीच श्रमविभागणी दिसते. मात्र हे साम्य मर्यादित आहे. स्वरतंतू ताण बदलून अनेक उंचीचे नाद काढतात. जिव्हेची उंची मात्र जवळजवळ ठरलेली असते. म्हणूनच मनुष्याला एक कंठ पुरतो, अकॉर्डियनला शेकडो जिव्हा लागतात.

व्यापारात मात्र शब्द फसवे ठरू शकतात. 'आ मानो' म्हणजे 'हाताने' घडविलेली जिव्हा. 'तीपो आ मानो' म्हणजे 'हातच्या प्रकारची', जी वस्तुतः यंत्राने कापलेली पण अधिक काळजीने पूर्ण केलेली असते. एका 'तीपो' शब्दाने अर्थ पालटतो, आणि किंमतही! ग्राहकाने म्हणून नावापेक्षा कानावर विसंबावे. खर्जातील स्वर अगदी अल्प दाबाने लगेच उठतो काय? भाता उघडताना आणि मिटताना नाद सारखाच राहतो काय? जोरात वाजविल्यास स्वर ढळतो काय? या तीन प्रश्नांची उत्तरे पाटी वाचून मिळत नाहीत.

आपल्या पेटीच्या कारागिरांकडेही भाता, सूर, खर्ज, नर, मादी अशी समर्पक परिभाषा आहे. ध्वनिशास्त्रावर मराठीत लिहिताना आपण संस्कृतातून नवे शब्द घडवितो. ते आवश्यकही आहे. परंतु ज्यांचे हात ही विद्या जाणतात त्यांच्या तोंडचे शब्द, ते हात कामावर आहेत तोवरच टिपून घेता येतील. विभागाच्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे, असे सुचवावेसे वाटते.