पोलिसांच्या मनावरचा ताण : नोकरीतली कारणे

ताण दोन प्रकारचा. कामातला : मृतदेह, अपघात, दंगल, हल्ला. व्यवस्थेतला : लांबलेली ड्युटी, रद्द झालेली रजा, अपुरे मनुष्यबळ, वरिष्ठांची वागणूक, बदली. दुसरा रोजचा, अनेक अभ्यासांत तो पहिल्याइतकाच, कधी त्याहूनही जड ठरला आहे.

• महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम २८ : पोलीस सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते.

• गणेशोत्सव, निवडणुका : साप्ताहिक सुट्टी बंदोबस्तात जाते.

• मे २०१६ : मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग. सूचना तिथल्याच एका कर्मचाऱ्याची.

• बर्नआउट : जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात (आयसीडी-११) ही कामाशी निगडित अवस्था, आजार नव्हे. आघातानंतरचा ताणविकार (पीटीएसडी) मात्र आजार. त्यावर उपचार आहेत.