हेड उतरवण्याआधी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास गेला की गाड्यांचे काटेही चढू लागतात. धुळ्याहून शिरपूरमार्गे इंदूरकडे निघालेली जुनी मोटार बिजासनच्या घाटात तापते. मालक थोडा वेळ थांबतो, पाणी ओततो आणि तशीच पुढे दामटतो. परत येईपर्यंत गाडीची ओढ गेलेली असते, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. ‘‘काय व्हयनं भाऊ?’’ गॅरेजवाला विचारतो, बोनेटमध्ये डोकावतो आणि निकाल देतो : हेड उतरवावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकल्यावर मालकाच्या मनात येतं, पाने तर आपल्याही घरी आहेत. आपणच खोललं तर?

खानदेशात या विचाराला कोणी हसत नाही. विहिरीवरचं ऑइल इंजिन स्वतः खोलून बसवलेले हात इथे अजून आहेत. पण लिस्टर धाटणीचं ते एका सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६५० फेरे मारायचं, विहिरीचंच पाणी त्याला गार ठेवायचं आणि जोडणीत थोडं कमीजास्त झालं तरी ते कुरकुरत का होईना, पिकाला पाणी द्यायचं. मोटारीचं पेट्रोल इंजिन पाच-सहा हजार फेऱ्यांपर्यंत जातं. ते इतकं सोशिक नसतं.

तापलेल्या इंजिनात नेमकं काय बिघडतं? पुष्कळ गाड्यांत खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. उष्णता हाताबाहेर गेली की हेड वाकतं, मधलं गॅस्केट फुटतं आणि कूलंट सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये शिरतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहाच्या रंगाची साय दिसते ती त्यामुळेच. छोट्या गाड्यांत हेडच्या सपाटपणातला फरक साधारण ०.०५ मिलिमीटरपर्यंत चालतो. केससुद्धा बहुधा याहून जाड असतो.

इथे एक गंमत आहे. उतरवलेलं हेड गॅरेजवालाही स्वतः सपाट करत नाही. तो ते लेथवाल्याकडे पाठवतो. बोअर करणं, क्रँक ग्राइंडिंग, वाल्व्हच्या सीट कापणं ही कामंही तिकडचीच. म्हणजे अनुभवी मेकॅनिकचा हातसुद्धा एका जागी थांबतो. मालकाने आपला हात कुठे थांबवायचा, एवढंच ठरवायचं असतं.

निदानापर्यंत तो बेलाशक जाऊ शकतो, आणि खरा पैसा तिथेच वाचतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय. पेट्रोल गाडीचे प्लग काढून कॉम्प्रेशन गेजने प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजता येतो. एखाद्यात तो कमी भरला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचा. दाब वाढला तर संशय रिंगांवर, नाही वाढला तर वाल्व्ह किंवा गॅस्केटवर. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट गेलेलं असण्याची शक्यता मोठी. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नये. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल होताच उसळून तोंडावर येतं.

साध्या, जुन्या पेट्रोल गाडीचं हेड गॅस्केट बदलणं सराव असलेल्या माणसाला जमू शकतं. अट अशी की टॉर्क रेंच हवा, कंपनीचं मॅन्युअल हवं, आणि गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली तरी घरचं अडायला नको. हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळायचे असतात. काही गाड्यांत तर ते एकदाच वापरायचे असतात, आवळताना ताणले जातात म्हणून. टायमिंगच्या खुणा चुकल्या तर कित्येक इंजिनांत पिस्टन वाल्व्हवर आदळतो आणि वाचवलेले पैसे दामदुप्पट जातात.

पिस्टन-रिंगांपर्यंत काम गेलं की घरच्या अंगणाने माघार घ्यावी, असं या लेखकाचं मत. बोअर झिजला असेल तर लेथवर ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरने मोठा करून त्या मापाचे पिस्टन आणावे लागतात. कॉमन रेल डिझेलच्या वाटेला तर जाऊच नये. चाकात हवेचा दाब साधारण दोन बार असतो. त्या डिझेल पाइपात तो हजाराच्या वर जातो, आणि बारीक फवारासुद्धा कातडीतून आत घुसतो. आयटीआयत मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, तो उगाच नव्हे.

तिसरी वाट जुन्या इंजिनाची. भंगारात निघालेल्या गाडीचं चालू इंजिन बसवलं की काम लवकर उरकतं, पण इंजिन नंबर आरसीवर नोंदलेला असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे बदलाला आरटीओची मंजुरी लागते; मंजुरीविना इंजिन बदललं असेल तर चौदा दिवसांत कळवावं लागतं. गाडी एमएच-१८ असो की एमएच-१९, विकताना गिऱ्हाईक सर्वांत आधी तोच नंबर आरसीशी ताडून बघतं.