चिनी संस्कृती : पाहावी की शिकावी?

बीजिंगमधील स्वर्गमंदिराच्या उद्यानात सकाळी फेरफटका मारला, तर एक वेगळेच दृश्य नजरेस पडते. वयस्क मंडळी लांब दांड्याचा कुंचला पाण्यात बुडवून फरसबंदीवर चिनी अक्षरे रेखाटत असतात. ऊन लागले की काही मिनिटांतच ती विरून जातात. पुसल्या जाणाऱ्या अक्षरांसाठी ही माणसे रोज का येतात, हे उमगणे म्हणजेच चिनी संस्कृतीत पहिले पाऊल टाकणे होय.

आठवडाभराच्या सहलीत मात्र अर्धा तास सुलेखन, अर्धा तास चहा आणि रात्री कुंग-फूचा प्रयोग, असा बेत आखलेला असतो. छायाचित्रे भरपूर मिळतात. समज तुटपुंजी राहते. शिक्षकाच्या बाबतीत ही उणीव त्याच्यापुरती राहत नाही. तो जे घेऊन परततो, तीच अनेकदा त्याच्या विद्यार्थ्यांची चीनविषयीची पहिली कल्पना ठरते.

एकच कला, पण मुळापासून

दहा गोष्टी चाखण्यापेक्षा एकीला काही दिवस देणे श्रेयस्कर. सुलेखनाचेच उदाहरण घ्यावे. कुंचला, शाई, कागद आणि शाई उगाळण्याची शिळा यांना चीनमध्ये 'अभ्यासिकेची चार रत्ने' म्हणतात. काजळी व सरस यांपासून केलेली शाईची कांडी, सहाणेवर चंदन उगाळावे तशी, पाण्यात उगाळतात. मन स्थिर करण्याचा तो पहिला धडाच असतो. पुढे 'युंग' म्हणजे 'चिरंतन' हे अक्षर गिरवतात. त्यात आठ मूलभूत फटकारे येतात. चिनी सुलेखन आणि आन्हुई प्रांतातील श्वान कागदाची हस्तकला, या दोहोंचा समावेश युनेस्कोने २००९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत केला. कागद, शाई आणि अक्षर यांचे नाते उलगडणारा वर्ग निवडावा. नाव चिनीत लिहून हाती देणारा नव्हे.

जागा आणि हंगाम

'चहा' हा आपला शब्दही मूळचा चिनीच. हांगझोऊजवळच्या लुंगजिंग परिसरात एप्रिलच्या सुरुवातीस, छिंगमिंग सणापूर्वी खुडलेल्या कोवळ्या पानांना सर्वाधिक मान असतो. तप्त कढईत हाताने पाने परतणारा कारागीर पाहायचा, तर जावे याच सुमारास. याउलट, बीजिंग वा शांघायमध्ये रस्त्यात ओळख काढून 'चहाविधी'ला नेणाऱ्यांपासून सावध राहावे. अखेरीस अवाच्या सवा बिल हाती पडल्याच्या तक्रारी जुन्याच आहेत. ताय-ची शिकायची असेल, तर हनान प्रांतातील छन्च्यागोऊ हे तिचे मूळ मानले जाणारे गाव आहे. मात्र सवय लावायला शहरातील उद्यानही पुरेसे ठरते.

वर्गापर्यंत काय पोचते?

शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा दुवा शोधावा. चिनी पंचांग आपल्यासारखेच चांद्र-सौर आहे. त्यातही १९ वर्षांत ७ अधिक महिने येतात. हे एक सूत्र फळ्यावर मांडले, की चिनी नववर्षाची तारीख दरवर्षी का बदलते हे मुलांना आपोआप कळते. तसेच तुनह्वांगच्या मोगाव लेण्यांचे. भारतातून मध्य आशियामार्गे गेलेल्या बौद्ध कलेची ती साक्ष आहेत आणि अजिंठा पाहिलेल्या विद्यार्थ्याला ती परकी वाटणार नाहीत. प्रवास शक्य नसल्यास, २०१६ मध्ये खुल्या झालेल्या 'डिजिटल तुनह्वांग' या संकेतस्थळावर त्यातील ३० लेणी घरबसल्या बारकाईने पाहता येतात.

पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न जरूर विचारावेत. शिकवणारी व्यक्ती स्वतः ती कला करते का? आपल्या हाताला काम मिळेल का? ही रीत चीनच्या कोणत्या प्रांताची, हे सांगितले जाईल का? आणि घरी परतल्यावर आपण ती सुरू ठेवू शकू का? विशाल देशाची एकच 'चिनी संस्कृती' विकणाऱ्याकडे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सहसा नसते. चौथ्याचे उत्तर ज्याचे त्याने प्रामाणिकपणे स्वतःलाच द्यायचे असते.