करवती काठ संगणकावर उतरवताना

गडचिरोली जिल्ह्यातलं आरमोरी आणि चंद्रपूर जिल्ह्यातलं नागभीड ही नावं कोसा म्हणजे टसर रेशमाच्या कापडाशी जोडलेली आहेत. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पोसायच्या आणि तयार कोश उतरवायचे, हे काम इथला ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या करत आला. या कोशांच्या सुतातून विदर्भाची करवत काठी साडी विणली जाते. साडीचं अंग टसरच्या मूळच्या मधाळ रंगाचं आणि काठावर करवतीच्या दात्यांची रांग. हे दाते जवळून पाहिले की त्यात तिरकी रेघ कुठेच सापडत नाही. धागा उभा जातो किंवा आडवा, त्यामुळे प्रत्येक त्रिकोण बारीक पायऱ्यांचा बनतो.

या काठाची नक्षी पिशवीवर, टेबलक्लॉथवर किंवा कुर्त्याच्या गळ्यावर भरतकामात आणायची असेल, तर चित्र काढायला संगणकावरचं कोणतं साधन घ्यावं? त्याआधी ठरवायला हवा तो टाका. दुकानदार अ‍ॅपची किंवा टॅबलेटची किंमत सांगतो. पण साधनाची निवड टाक्यावरून होते, आणि तिथे चूक झाली तर महागडं साधनही कामाला येत नाही.

फुलीचा टाका म्हणजे मोजून घातलेला टाका. दोसुतीवर तो घालताना डोळे चौकटी मोजत असतात. 1804 च्या सुमारास बर्लिनमध्ये चौकटीच्या कागदावर हाताने रंगवलेले नमुने विक्रीला आले आणि लोकरीच्या भरतकामाची लाट युरोपभर पसरली. आजची चौकटींची अ‍ॅप्स त्याच कागदाचे वारस आहेत. मात्र अशा कामासाठी वेगळं अ‍ॅप घ्यायलाच हवं असं नाही. एक्सेल किंवा फुकट मिळणारं लिब्रेऑफिस कॅल्क उघडायचं, रकाने चौकोनी करायचे, रंग भरायचे. करवतीचा दाता तयार. एक दाता नीट जमला की कॉपी करून पूर्ण काठ काही मिनिटांत होतो. इंटरनेटही लागत नाही, आणि भामरागड-एटापल्लीकडच्या ज्या गावांत मोबाइलची रेंज टिकत नाही, तिथे ही मोठी सोय आहे.

चौकटीच्या पद्धतीत एक मेख मात्र आहे, आणि हातमागाच्या कापडावर ती हमखास आडवी येते. बाजारातल्या 14 काउंटच्या आयडा कापडावर एका इंचात दोन्ही बाजूंनी 14 चौकटी बसतात. 140 चौकटींची नक्षी बरोबर 10 इंच भरते. हातमागावर ताणा आणि बाणा सारख्या दाटीचे असतीलच असं नाही. समजा एका इंचात ताण्याचे 40 आणि बाण्याचे 32 धागे आहेत. दोन धाग्यांवर एक फुली घातली, तर आडव्या इंचात 20 फुल्या बसतील आणि उभ्या इंचात 16. पडद्यावर 40 चौकटींचं गोल फूल काढलं असेल, तर कापडावर ते 2 इंच रुंद आणि अडीच इंच उंच होईल. त्यामुळे कापडावर पट्टी ठेवून दोन्ही दिशांचे धागे आधी मोजावेत आणि रकान्याची रुंदी-उंची त्याच प्रमाणात ठेवावी. या उदाहरणात ते 4 ला 5 असेल. मग पडद्यावर गोल दिसणारं फूल कापडावरही गोलच उतरेल. ही मुभा कॅल्कमध्ये सहज मिळते, पण चौकट कायम चौरसच ठेवणाऱ्या अ‍ॅपमध्ये नाही. कोसा फार तलम असेल आणि धागे मोजता येत नसतील, तर वरून सुटं कॅनव्हास टाचून टाके घालायचे आणि शेवटी कॅनव्हासचे धागे ओढून काढायचे.

फोटो टाकला की आपोआप नमुना देणारी अ‍ॅप्स मोहात पाडतात. मोहाच्या फुलांचा फोटो दिला की ती पिवळसर-पांढऱ्याच्या डझनावारी छटा काढतात आणि एकेक सुटी फुली इकडेतिकडे विखरून टाकतात. प्रत्येक ठिपक्याला दोरा बदलायचा म्हणजे हाताचा छळ. रंग सात-आठवर आणावेत आणि सुटे ठिपके हाताने पुसावेत. नाहीतर ते चित्र भरतकामाचं होत नाही.

साखळी टाका, काश्मिरी टाका, भरीव टाका यांची गोष्ट वेगळी. इथे चौकट नको, स्वच्छ रेघ हवी. बोटाने किंवा पेनने मोबाइलवर चित्र काढायला आयबिस पेंट, टॅबलेटवर क्रिटा चांगलं. पण ही चित्रं ठिपक्यांची असतात. रुमालासाठी काढलेली वेल चादरीएवढी मोठी केली की कडा फाटतात. रेघ गणिताने साठवणारा इंकस्केप हा प्रोग्रॅम 2003 पासून फुकट मिळतो आणि त्यातली वेल कितीही मोठी केली तरी धारदार राहते. कागदावर काढलेल्या रांगोळीचा फोटो देऊन तिच्या रेघा वेगळ्या काढण्याची सोयही त्यात आहे. त्याला लॅपटॉप मात्र लागतो. छपाईच्या दुकानांत कोरलड्रॉ चालतं, म्हणून फाइल पीडीएफमध्ये न्यावी.

छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून शंभर टक्के आकारातच प्रिंट घ्यावी. पानाच्या कडेला 10 सेंटिमीटरची रेघ काढून ठेवली, तर झेरॉक्सच्या दुकानातच पट्टी लावून खात्री होते. मग ट्रेसिंग पेपर, सुईची भोकं, रॉकेलमध्ये कालवलेली नीळ. पुढचं काम जुन्याच पद्धतीने होतं. बचत गटातल्या बायका नमुना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात तेव्हा तो फोटो म्हणून पाठवला की दाबला जातो आणि चौकटींच्या कडा विरघळतात. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

यंत्रावरच्या भरतकामाला चित्र पुरेसं नसतं. सुईला टाक्याची दिशा, क्रम आणि दाटी सांगावी लागते. इंकस्केपला जोडलं जाणारं इंक/स्टिच हे काम विनामूल्य करतं. भरीव टाक्यांच्या ओळींमध्ये साधारण 0.4 मिलिमीटर अंतर ठेवतात. कोसा कापडावर त्याहून दाट टाके घातले तर चुण्या पडतात, म्हणून खाली अस्तर लावून आधी एका तुकड्यावर चाचणी घ्यावी. जानोमेला जेईएफ, ब्रदरला पीईएस, कारखानी यंत्रांना डीएसटी, अशी फाइल यंत्राप्रमाणे बदलते. डीएसटीमध्ये रंगांची माहिती राहत नाही, त्यामुळे दोऱ्यांचा क्रम वेगळा लिहून द्यावा लागतो. आणि काठाची इंकस्केपमधली मूळ एसव्हीजी फाइल जपून ठेवावी: पुढच्या वेळी दाता रुंद करायचा झाला, तर तो तिथेच बदलता येतो.