सिसिलीच्या किनाऱ्यावर ‘सतलज’ आणि ‘जमना’

मलकापूर सोडून पश्चिमेस निघालेला प्रवासी आंबा घाट उतरला, कीं घाटमाथ्याचा गार वारा मागें राहतो आणि रत्नागिरीची खारट, दमट हवा अंगाला लागूं लागते. घाटाच्या वरच्या अंगास पिढ्यान्‌पिढ्या पायदळाचे शिपाई निपजले. खालच्या अंगास, बंदरांच्या कडेनें, दर्यावर्दी. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं हिंदी आरमारांतील खलाशांचा फार मोठा भाग या रत्नागिरी किनाऱ्यावरील, विशेषतः कोंकणी मुसलमान कुटुंबांतील असे. मराठा पलटणींनीं इटलींत गाजविलेला पराक्रम घरोघरीं ठाऊक आहे. पण त्या पलटणींचें पाऊल इटलीच्या भूमीवर पडण्यापूर्वींच, १९४३ च्या जुलै महिन्यांत, हिंदी आरमाराचीं दोन जहाजें सिसिली बेटाच्या किनाऱ्याशीं शत्रूच्या विमानांचा मारा सोशीत उभीं होतीं, ही गोष्ट फारशी कोणाच्या कानीं पडत नाहीं.

बेटावर सैन्य उतरविणें हें आरमाराच्या दृष्टीनें मोठें विपरीत काम आहे. लढाऊ जहाजाचें खरें संरक्षण म्हणजे त्याची चाल. वरून विमान झेपावलें, कीं कप्तान सुकाणू फिरवितो, जहाज वळण घेतें आणि बाँब पाण्यांत पडतो. परंतु सैन्य उतरवावयाचें म्हटलें, म्हणजे हीच चाल सोडावी लागते. मालवाहू जहाजें नांगर टाकून उभीं असतात. सपाट बुडाच्या नौका वाळूंत नाक खुपसून रणगाडे व दारूगोळा उतरवीत असतात. शत्रूला त्यांचा ठिकाणा शोधावा लागत नाहीं. तो त्याला नकाशावरच दिसतो. शिवाय हें एका दिवसाचें काम नव्हे. पहिल्या दिवशीं उतरलेल्या शिपायाला दुसऱ्या दिवशीं काडतुसें, तिसऱ्या दिवशीं पाणी, चवथ्या दिवशीं पेट्रोल पोहोंचलें नाहीं, तर जिंकलेला किनारा हातचा जातो. महाराष्ट्राला हें नवें नाहीं. १६७९ सालीं मायनाक भंडाऱ्यानें खांदेरी बेट व्यापलें, तेव्हां तें टिकलें तें इंग्रजांच्या जहाजांना चुकवून रात्रीच्या अंधारांत रसद पोहोंचविणाऱ्या लहान होड्यांमुळेंच. मात्र त्या होड्यांच्या डोक्यावर आकाश तरी मोकळें होतें.

१० जुलै १९४३ रोजीं पहांटे दोस्तांचें सैन्य सिसिलींत उतरलें. अडीच हजारांहून अधिक लहानमोठीं जहाजें व नौका या कामीं गुंतल्या होत्या. अमेरिकन सैन्य जेला व लिकाता यांच्या बाजूस, तर ब्रिटिश सैन्य पाचीनो व सिराक्यूज यांच्या बाजूस उतरलें. या उतरलेल्या फौजांत हिंदी डिव्हिजन नव्हती. ‘सतलज’ व ‘जमना’ हीं दोन जहाजें मात्र होतीं.

हीं कांहीं अजस्र युद्धनौका नव्हतीं. स्कॉटलंडांत डंबार्टन येथील डेनी यांच्या गोदींत बांधलेलीं, सुमारें तेराशें टनांचीं, ताशीं जेमतेम १९ सागरी मैल चालणारीं हीं स्लूप जातीचीं जहाजें. काफिल्यांची राखण करावी, हा त्यांचा मूळ उद्देश. पण तेथेंच त्यांचें महत्त्व होतें. मोठ्या युद्धनौकेची प्रचंड तोफ क्षितिजावरील शत्रूचा वेध घेण्यासाठीं घडविलेली असते. तिचें तोंड आकाशाकडे पुरतें वळतच नाहीं. या स्लूपवरील चार इंची सहाही तोफा मात्र उंच वळणाऱ्या होत्या. एरवीं दुय्यम ठरणारें जहाज अशा प्रसंगीं छत्रीसारखें उपयोगी पडतें.

तोफेचा गोळा विमानावर प्रत्यक्ष आदळेल, ही आशा तोफचीहि करीत नाहीं. गोळ्यांत एक घड्याळी पलिता असतो. विमान किती उंचीवर, किती वेगानें येत आहे याचें गणित करून तो अमुक सेकंदांनीं फुटावा असा लावतात, आणि विमानाच्या वाटेवर लोखंडी तुकड्यांचा पाऊस पडावा अशी योजना असते. विमान पडलें तर उत्तमच. न पडलें तरी वैमानिकानें बिचकून उंच जावें, घाईनें बाँब टाकावा, एवढ्यानेंहि काम साधतें. हें गणित उघड्या समुद्रावर बरें जमतें. किनाऱ्याशीं तें फसतें, कारण रडारच्या लहरी डोंगरांवरूनहि परत येतात आणि त्या गर्दींत विमानाची खूण हरवते. टेकडीच्या आडून आलेलें विमान दिसतें, तेव्हां तें जवळ जवळ डोक्यावरच असतें.

स्वपक्षाचीं लढाऊ विमानें नव्हतीं असें नाहीं. परंतु तीं साठ मैलांवरील माल्टाहून येत; इंधन बेताचें, म्हणून किनाऱ्यावर थोडाच वेळ घिरट्या घालूं शकत. एक तुकडी परतली आणि दुसरी पोहोंचली नाहीं, एवढी फट शत्रूला पुरे. पाचीनोचा विमानतळ तर शत्रूनें नांगरून ठेविला होता. तो पुन्हा सपाट करावा लागला. रात्रीं पाळी तोफांवरच येई. शत्रु वरून दिवट्या सोडी, सारें बंदर उजळे, आणि तोफ उडविली तर तिच्या ज्वाळेनें आपलाच ठाव दिसे.

याची किंमत किती पडली, हें दोनतीन प्रसंगांवरून दिसतें. पहिल्याच पहांटे अमेरिकन विनाशिका ‘मॅडॉक्स’ बाँब लागून सुमारें दोन मिनिटांत बुडाली; दोनशेंहून अधिक माणसें गेलीं. त्याच रात्रीं, आव्होला गांवासमोर दिवे लावून उभें असलेलें इस्पितळाचें जहाज ‘तालंबा’ शत्रूनें बुडविलें. हिंदी बंदरांना ओळखीच्या ब्रिटिश इंडिया कंपनीचें तें जहाज. दुसऱ्या दिवशीं दारूगोळ्यानें भरलेलें ‘रॉबर्ट रोवन’ पेटलें. माणसें वेळींच उतरल्यामुळें वांचलीं, पण उथळ पाण्यांत तें रात्रभर जळत राहिलें. आणि त्याच रात्रीं सर्वांत दुःखद प्रकार घडला. ट्युनिशियांतून छत्रीधारी सैनिक घेऊन १४४ अमेरिकन विमानें जेलाकडे आलीं. शत्रूचा हल्ला नुकताच सरला होता, तोफची दोन दिवस झोंपले नव्हते, सूचना सर्वत्र पोहोंचली नव्हती. एका तोफेनें सुरुवात केली, मग साऱ्यांनींच. २३ विमानें स्वकीयांच्याच गोळ्यांनीं नष्ट झालीं. तोफच्यांना दोष देणें सोपें आहे. काळोखांत खालून उडत येणाऱ्या विमानाचें कुळ ओळखण्यास जी निमिषें लागतात, तेवढ्यांतच बाँब पडतो, हें त्यांनीं दोन दिवस अनुभवलें होतें.

‘सतलज’ व ‘जमना’ यांनीं हें विमानवेधी राखणीचें काम दोन आठवड्यांहून अधिक काळ केलें. तोफेपाशीं उभ्या असलेल्या माणसाला निदान आकाश दिसतें; जहाजाच्या पोटांत, दारूच्या कोठारांत गोळे वर पाठविणाऱ्याला फक्त आवाज ऐकूं येतो, आणि जुलैच्या उन्हांत तापलेल्या पत्र्यांचा उबारा. अशा वेळीं पराक्रम म्हणजे न थांबतां तेंच काम पुन्हा पुन्हा करणें. त्याला पदक क्वचितच मिळतें.

सिसिलीची मोहीम १७ ऑगस्टला संपली. उतरणीच्या दिवसाला बरोबर एक वर्ष झालें, त्या दिवशीं, १० जुलै १९४४ रोजीं, इटलींत तैबर नदीच्या खोऱ्यांत नाईक यशवंत घाडगे यांनीं शत्रूचें मशीनगनचें ठाणें एकट्यानें जिंकून प्राण ठेविला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन्ही जहाजें सुखरूप परतलीं. स्वातंत्र्यानंतर भारतीय नौदलांत त्यांच्यावर समुद्राची पाहणी करण्याचें काम सोंपविण्यांत आलें, आणि पुढें वर्षानुवर्षें तीं शांतपणें किनाऱ्यांच्या पाण्याची खोली मोजीत, नकाशांसाठीं आंकडे जमवीत हिंडत राहिलीं.